मालवणी पाहुणचार

'मॉन्स्टर आखाडा' या खेळात सानिया अख्ख्या सिंधुदुर्गात पहिली होती, आणि हे सिंधुदुर्गात कुणालाच माहीत नव्हतं. मालवणात लोक तिला ओळखायचे ते डोळ्यांच्या दवाखान्यातली मुलगी म्हणून. माणसाला खुर्चीत बसवायचं, नाकावर ते तपासणीच्या चष्म्याचं जड धूड चढवायचं आणि "आता बरं दिसतं, की मघाशी बरं दिसत होतं?" असं तो रडकुंडीला येईपर्यंत विचारत राहायचं. दिवसभर लोकांचे नंबर काढायचे आणि घरी आलं की फोनवर आपला नंबर सांभाळायचा, असा तिचा नेम होता.

खेळ तसा सरळ. मॉन्स्टर पाळायचे, त्यांची फळी बांधायची, दोन-दोन रिंगणात उतरवायचे आणि समोरच्याचे आडवे करायचे. आग पाण्याला भिते, पाणी विजेला भितं, वीज मातीपुढे गार पडते, आणि हवेत तरंगणाऱ्याला माती शिवू शकत नाही. दांडगा मॉन्स्टर कुणीही शेंबडं पोर निवडतं. खरी अक्कल लागते ती एकाच्या फाटक्या जागी दुसऱ्याचं ठिगळ बसवायला, आणि सानिया या शिवणकामात पटाईत होती.

एके दिवशी जेवताना तिने हसत हसत सांगितलं, की कुडाळच्या एका तरुण मंडळाने या खेळाची स्पर्धा ठेवली आहे, पण नियम अगदीच खुळचट आहे. पोरं फोनमध्ये डोकं घालून बसतात म्हणून आईबापांनी कटकट केली, तर मंडळाने आईबापांनाच आत ओढलं. एका घरातली तीन माणसं, प्रत्येकाचा एक मॉन्स्टर, आणि तिघांतला एकच तिशीच्या आतला.

"आणि बक्षीस काय, तर डीप फ्रीझर!" सानिया म्हणाली. "खेळणाऱ्यांका डीप फ्रीझर कित्याक?"

समोर बसलेल्या नूरबानो फुफूचा घास हातातच राहिला. "काय म्हटलंस?"

"काय नाय गो फुफू, फोनवरचो खेळ आसा एक."

"खेळ मरांदे. बक्षीस काय म्हटलंस?"

नूरबानो म्हणजे सानियाच्या वडिलांची थोरली बहीण. धक्क्यावर लिलावात मासळी उचलायची आणि देवबागेपर्यंतच्या हॉटेलांना घालायची, हा तिचा धंदा. तिच्या आवाजाने बोली लावणारे पुरुष दोन पावलं मागे सरकत. तिचं आयुष्यात एकाशीच हाडवैर होतं, बर्फाशी. सकाळी घ्यावा, दुपारी पाणी. डीप फ्रीझर हा शब्द ऐकल्यावर तिच्या डोळ्यांत जे चमकलं ते पाहून सानियाला पुढचं सगळं कळून चुकलं.

"मगे आपण खेळतलंव," नूरबानोने जाहीर केलं. "मी, तू आणि महंमद."

सानियाचे अब्बा महंमद यांनी दचकून ताटातून मान वर केली. बाजारात त्यांचं जाळी, दोर आणि पाण्यावर तरंगणारे बोये विकायचं दुकान होतं. इतका मऊ माणूस त्या धंद्यात कसा टिकला याचं सगळ्यांना नवल वाटे. दुकानात उंदीर झाले तर सापळ्यात सापडलेला उंदीर ते स्वतः सायकलवरून लांब नेऊन सोडत, आणि सोडताना पिशवीतला पावाचा तुकडाही देत. बांगडा मात्र आवडीने खात. ताटात आलेल्याशी त्यांची ओळख नसे.

"आपा, माका फोन उचलूक येता आणि ठेवक येता," ते म्हणाले.

"बाकीचां शिकतलंस."

सानियाने आशेने अम्मीकडे पाहिलं. अम्मीने आमटीचं भांडं उचललं. "माझ्याकडे बघू नको. घरात एक तरी माणूस शुद्धीर रवाक व्हयो."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. सानियाने दोघांपुढे फोन धरून मॉन्स्टर दाखवायला घेतले. कुणाचा जोर कशात, कुणाचं भय कशाला, कोण कुणाशेजारी शोभेल, हे ती तळमळून सांगत होती. नूरबानो मात्र टोपलीतली मासळी परतावी तशी बोटाने चित्रं परतत होती.

"ह्यो बारको. ह्यो शिळो दिसता, डोळे बघ कसे आत गेलेत. ह्येच्या अंगात नुसते काटे. ह्यो... थांब, थांब! ह्यो काय आसा?"

"तो कुर्लासुर. फुफू, तो वजनान भारी, पण तेका..."

"कुर्ल्यांचो बाप आसा मेलो! नांगी बघ. ह्योच घाल पिशयेत."

खेकड्यासारख्या कुर्लासुराचा मुख्य डाव भुईहादरा. नांगी जमिनीवर आपटली की रिंगणात उभ्या असलेल्या सगळ्यांना दणका बसे. सगळ्यांना म्हणजे शेजारच्या आपल्या गड्यालाही. हे सानियाने नीट बजावून सांगितलं. नूरबानोने मान डोलावली, म्हणजे तिने ऐकलं नव्हतं.

अब्बांनी खूप वेळ लावला. शेवटी त्यांचं बोट एका गोगलगायीसारख्या, डोळ्यांत कायम पाणी असलेल्या जीवावर थांबलं.

"ह्येका कोण घेणा नाय?"

"नाय अब्बा. गोगलू सगळ्यांत कमजोर आसा."

"मगे माका ह्योच व्हयो."

सानियाने तिसरं आपलं वीजमांजर घेतलं. जखमी झालं की चवताळणाऱ्या याच मांजराच्या जिवावर ती जिल्ह्यात पहिली आली होती. निदान एक तरी शहाणा गडी फळीत असावा, असा तिचा हिशेब.

पहिली सराव लढत ओटीवर झाली. समोर फोननेच चालवलेले नवशिके मॉन्स्टर होते, शिकाऊ लोकांना हमखास जिंकता यावं म्हणून ठेवलेले. समोरच्याने गोगलूकडे नुसतं पाहिलं आणि अब्बांनी त्याला पटकन मागे घेतलं. त्याच्या जागी सानियाचं वीजमांजर आपोआप पुढे आलं.

"अब्बा, तेका मागे कित्याक घेतल्यात?"

"अगो, तो तेका मारूक येय होतो!"

"मारूकच येतलो! लढाई आसा ती!"

"मारून झाल्यार माका सांग. मगे गोगलूक पुढे काढतंय."

तेवढ्यात नूरबानोने भुईहादरा घातला. समोरचे दोघे जरासे डगमगले. वीजमांजर मात्र मातीच्या एकाच दणक्यात चारी पाय वर करून पडलं. नियमाप्रमाणे गोगलूला पुढे यावं लागलं, आणि तो बिचारा रिंगणात पाऊल ठेवतोय न ठेवतोय तोच नूरबानोने दुसरा भुईहादरा घातला. गोगलू सपाट झाला. फोनवर त्याचे भरलेले डोळे हळूहळू मिटले.



"आपा," अब्बा म्हणाले, "तू माझ्या गोगलूक मारलंस."

"मी समोरच्याक मारलंय. ह्यो मधी कित्याक उभो रवलो?"

"मुको जीव तो!"

"तेच्यात माझो काय दोष? भुई हादरल्यार सगळ्यांचीच हादरता!"

दुसऱ्या दिवशी अब्बा चहा न घेता दुकानावर गेले. भाऊबहीण एकमेकांशी बोलेनात. "तुझ्या अब्बाक सांग, मीठ सरलां," असं नूरबानो शेजारीच बसलेल्या अब्बांच्या कानाजवळ सानियाला ओरडून सांगे. सानियाने तीन-चार वेळा नव्याने प्रयत्न केला. अब्बांना हल्ला करायला शिकवावं, फुफूला हात आवरायला शिकवावं. पण अब्बांनी हल्ल्याचं बटण दाबायची वेळ आली की ते फोन सानियाच्या हातात देऊन पाणी प्यायला उठत, आणि फुफूला भुईहादऱ्याशिवाय दुसरी बटणं आहेत हेच मान्य नव्हतं.

अशात दवाखान्यात धोंडू परब नावाचे म्हातारे चष्मा बदलायला आले. नवीन फ्रेम त्यांना कुठलीच पसंत पडेना. सगळा ट्रे पालथा घालून झाला. शेवटी डॉक्टर वैतागून म्हणाले, "सानिया, त्यांची जुनीच फ्रेम घे आणि तीत नवी काच बसव. फ्रेम काही त्यांच्या नाकावरून हलायची नाही."

सानिया धोंडूंच्या कानामागे हात नेऊन चष्मा काढत होती, ती तशीच थांबली. अब्बा बदलायचे नाहीत आणि फुफू तर त्याहून नाही. मग बदलायचं ते मॉन्स्टर! इतके दिवस ती माणसांना मॉन्स्टरांच्या मापाने कापत बसली होती. धोंडूंचा चष्मा अर्धा नाकावर आणि अर्धा हातात ठेवून ती इतकी गोड हसली की म्हाताऱ्यांना वाटलं आपली नजर साफच गेली.

त्या संध्याकाळी तिने अब्बांना पिसारू दाखवला. हा एक गुबगुबीत पक्षी. तो रिंगणात उतरला की इतक्या केविलवाण्या नजरेने समोरच्यांकडे बघे, की त्यांचं मन विरघळून जोर उणा होई. रिंगणातून बाहेर जाताना तो आपल्या गड्याच्या जखमेवर पंखाने वारा घालून जाई. म्हणजे जितकं मागे घ्यावं आणि पुढे काढावं, तितका फायदा. शिवाय त्याला 'घास' नावाचा एक डाव येत असे. चोचीने घास भरवला की ज्याला भरवला तो टवटवीत. आणि मुख्य म्हणजे पिसारू कायम हवेत. भुई कितीही हादरो, त्याला काय त्याचं!

"म्हणजे तेका सारख्यां मागे घेतलंय तरी चलात?" अब्बांनी विचारलं.

"चलात नाय अब्बा, घेवकच व्हया."

"आणि गोगलू?"

"गोगलू घराकडेच रवतलो. थंय तेका कोण मारूचो नाय."

"बरां," अब्बा म्हणाले, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

सानियाला स्वतःच्या मांजराचा निरोप घेताना मात्र जड गेलं. पण फुफूच्या शेजारी वीजमांजर उभं करणं म्हणजे त्याला खड्डा खणून देणं. त्याच्या जागी तिने धुक्या घेतला, धुक्याचा एक लोळ, तोही अधांतरी. आता दोघे हवेतले, आणि जमिनीवर एकटा कुर्लासुर. नूरबानोने पहिला भुईहादरा घातला, दुसरा घातला, तिसरा घातला; आपल्यातला कुणीच पडला नाही. तिने मान तिरकी करून भावाकडे पाहिलं.

"तुझो कोंबडो बरो आसा," ती म्हणाली. तेव्हापासून मिठाचा निरोप थेट जाऊ लागला.

स्पर्धा कुडाळला एका मंगल कार्यालयात होती. मांडवात लग्नाची झालर तशीच होती आणि स्टेजवर वधूवरांच्या दोन खुर्च्यांच्या मधोमध तो डीप फ्रीझर उभा होता, त्याला झेंडूचा हार घातलेला. नूरबानोने आत शिरताच आधी स्टेजवर जाऊन त्याचं झाकण उघडून वास घेतला. पंच होते हरिश्चंद्र सावंत, मंडळाचे अध्यक्ष. गळ्यात शिट्टी आणि हातात माइक. एरवी घरी ते मालवणीच बोलत असणार, पण माइक हातात आला की त्यांची भाषा शुद्ध होऊन ताठ उभी राही.

"सर्व स्पर्धकांनी लक्षात घ्यावे," ते म्हणाले. "ज्याचा मॉन्स्टर बाद, त्याचे तोंड बंद. बाद झालेल्या खेळाडूने सूचना दिल्यास संपूर्ण घर बाद."

पहिली लढत नेरूरच्या एका घराशी लागली. सानियाने आखलेला डाव पहिल्यांदाच खऱ्या रिंगणात उतरला आणि तो असा चालला की तिच्या अंगावर काटा आला. पिसारू आला, केविलवाणं बघून गेला. धुक्या आला. पुन्हा पिसारू आला, पुन्हा बघून गेला. समोरच्यांचा जोर उतरत उतरत इतका उतरला की त्यांचा अस्वलासारखा मॉन्स्टर कुर्लासुराला मारत होता की खाजवत होता, कळेना. आणि इकडे नूरबानो दर हादऱ्याला लिलावाच्या आवाजात गरजत होती.

"घे! आणखी व्हया? घे! कोण बोलता? कोणच नाय? घे तर!"

हरिश्चंद्रांनी शिट्टी फुंकली. "ताई, हा लिलाव नाही."

"मगे तुम्ही बोली कित्याक लावतास?" नूरबानो म्हणाली आणि शेवटचा हादरा घालून मोकळी झाली.

दुसऱ्या लढतीत समोरच्या घरातले काका अर्ध्यातच फोन खाली ठेवून उभे राहिले. "ह्यो पक्षी एकदाचो खंय तरी बसात काय?" त्यांनी सगळ्या मांडवाला विचारलं. "बघून बघून माका गरगरूक लागलां!" ते बाहेर वाऱ्याला गेले ते आलेच नाहीत.

अंतिम लढत मसुऱ्याच्या घराशी होती. ओंकार, त्याचे वडील सत्यवान आणि आई सुशीला. काजू-आंब्याची बागायत असलेली माणसं. तिघांनी एकाच रंगाचे शर्ट घातले होते, सुशीलाबाईंनी साडीवरून. ओंकार हा जिल्ह्यातला दुसऱ्या नंबरचा खेळाडू. सानियाने त्याला फोनवर पुष्कळदा हरवलं होतं, पण समोरासमोर दोघं पहिल्यांदाच उभी राहत होती. त्याने आईबापांना आपण सांगू तेच बटण, आपण सांगू तेव्हा, अशी शिस्त लावलेली होती.

त्यांची फळी बघताच सानियाला त्याचा डाव कळला. सत्यवानांचा फणसासुर म्हणजे नुसती काट्यांची भिंत. ओंकारचा आग्यासाप, जळजळीत. आणि सुशीलाबाईंचा गवासुर, डोंगराएवढा गवा. तो हलायला इतका जड की कायम सगळ्यांच्या शेवटी मारायचा. पण गव्याची गंमत अशी, की धडधाकट असताना तो नुसता ढुशी देई, आणि जखमी झाला की पिसाळे. जितका जखमी, तितका पिसाळलेला. अगदी मरायला टेकला की एका धडकेत समोरचे दोघेही भुईसपाट, मग कुणी हवेत असो की पाण्यात.

"फुफू," सानिया कुजबुजली, "त्या गव्याक हात लावू नको. काय वाट्टेल ता कर, पण गव्याक नको."

"बरां बरां," नूरबानो म्हणाली आणि तिने मान डोलावली.

लढत जुंपली. पिसारू आत-बाहेर करत होता, धुक्या फणसासुराच्या काट्यांत शिरून त्याला गुदमरवत होता. एका फटक्यात फणसासुर पडला, पण पडता पडता त्याने उडवलेले काटे आणि पाठोपाठ आग्यासापाची आग धुक्याला लागली आणि धुक्या विरून गेला. सत्यवान बाद. सानिया बाद. दोघांचीही तोंडं बंद. सत्यवानांना बरंच झालं; ते लगेच चहा घ्यायला गेले.

आता सानियाच्या घराचे दोनच राहिले, पिसारू आणि कुर्लासुर. बदली गडी नाही. म्हणजे अब्बांना पिसारूला मागे घेताच येणार नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना रिंगणात उभं राहून काहीतरी करावं लागणार होतं, आणि काय करायचं हे सांगायला तिला बंदी!

"मागे घेण्याचां बटण खंय गेलां?" अब्बांनी घाबरून विचारलं.

सानियाने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला.

"महंमद, मारतंय मी," नूरबानो म्हणाली, आणि जे व्हायला नको तेच झालं. भुईहादरा! आग्यासाप निम्मा झाला. पण शेजारी उभ्या गवासुराला दणका असा बसला की त्याच्या जिवाची पट्टी लालभडक होऊन एवढीशी उरली. मोठ्या पडद्यावर गवासुराचे डोळे पेटले, नाकातून वाफा निघाल्या. ओंकारने टुणकन उडी मारली.

"आये, आता! आता धडक मार!"

सुशीलाबाईंनी धडकेचं बटण दाबलं. पण गवासुर सगळ्यांच्या शेवटी मारणारा. त्याच्याआधी पिसारूची पाळी.

अब्बा मोठ्या पडद्याकडे बघत होते. गवासुर धापा टाकत होता. त्याचे पुढचे पाय लटपटत होते. अब्बांचा चेहरा बघून सानियाला एकदम सापळ्यातला उंदीर आठवला आणि तिने डोळे मिटून घेतले. मांडवात हास्याचा स्फोट झाला तेव्हा तिने ते उघडले.

पिसारू उडत उडत पलीकडे गेला होता आणि गवासुराला घास भरवत होता.

"महंमद!" नूरबानो किंचाळली. "खंय भरयतंस? तो तेंचो आसा!"

"तेंचो झालो म्हणान काय झालां? हालत बघ तेची!"

गवासुराच्या जिवाची पट्टी सरसर वाढली. लाल गेली, पिवळी गेली, हिरवीगार झाली. डोळ्यांतली आग विझली, नाकातल्या वाफा थांबल्या. मग पाळीप्रमाणे त्याने धडक मारली. पण पोटभर खाल्लेला गवा, कसला पिसाळतोय! त्याने येऊन कुर्लासुराला एक ढुशी दिली, गोठ्यात गाय माणसाला देते तशी. कुर्लासुर जागचा हललासुद्धा नाही.

ओंकारचं तोंड उघडंच राहिलं. सानियाचंही राहिलं असतं, पण त्यात ओढणी होती. तिच्या डोक्यात मात्र चक्रं फिरू लागली होती. फुफूने मारायचं, अब्बांनी भरवायचं. म्हणजे गवा पिसाळणारच नाही. आणि आग्यासापाला कुणी भरवत नाहीये! हा डाव तिला सुचला नव्हता. हा डाव जगात कुणालाच सुचला नव्हता.

"बरां केल्यात हां भाय," पलीकडून सुशीलाबाई म्हणाल्या. "सकाळपासून माझो बाळो नुसतो मार खाता."

"वैनीनू, तुमचो झिल ओंकार तेका मुद्दाम मार खावक लावता," अब्बा म्हणाले. "माका ता बघवणा नाय."

"तर काय! मी पण तेका ताच सांगतंय."

पुढच्या पाळीला ओंकारने शहाणपणा करून आग्यासापाला ढाल घातली. नूरबानोचा हादरा सापाला लागला नाही, गव्याला मात्र लागला. अब्बांनी पुन्हा घास भरवला. गव्याने पुन्हा ढुशी दिली. त्याच पाळीत ढालीआडून आग्यासापाने चिडून पिसारूवर आग ओकली आणि पिसारूची पिसं जळली, पट्टी निम्म्याखाली आली. आता आणखी एक आग लागली की पिसारू संपणार, घास संपणार, आणि मग पिसाळलेला गवा आणि एकटी फुफू. सानिया हे बघत होती आणि ओंकारही बघत होता.

"आये, आता नीट ऐक," ओंकार घाम पुसत म्हणाला. "ह्या पाळयेक मी तो पक्षी मारतंय. तू धडक मार. कुर्लेर. समाजलां?"

"समाजलां रे."

नूरबानोने नांगी उचलली. ती वेगाने ओंकारच्या सापापेक्षा जरा पुढेच होती हे तो घाईत विसरला, आणि या वेळी सापाला ढाल नव्हती. भुईहादरा बसला आणि आग्यासाप विझून राखेचा ढीग झाला. ओंकारची आग त्याच्याबरोबरच गेली. अब्बांनी न चुकता गव्याला घास भरवला. मग गवासुराची पाळी आली.

गवासुर जड पावलं टाकत रिंगण ओलांडून गेला. त्याने पाठीवरून वैरणीचा भारा खाली घेतला आणि त्यातली निम्मी वैरण पिसारूपुढे ठेवली.

सुशीलाबाईंनी धडकेऐवजी वैरणीचं बटण दाबलं होतं; ही वैरण ओंकारने आग्यासापासाठी ठेवलेली होती. गड्याने गड्याला द्यायची. ती समोरच्यालाही देता येते हे त्यालाही ठाऊक नसावं. बाद झालेल्याने बोलायचं नाही हे विसरून तो ओरडला, "आये! अगो काय केलंस? तो आपलो दुश्मन आसा!"

"दुश्मन असो घास भरयता काय रे?" सुशीलाबाई म्हणाल्या. "लोकांच्या हातचां सारख्यां खावचां आणि आपण कायच देवचां नाय, ह्यां बरां दिसता?"

हरिश्चंद्रांनी शिट्टी तोंडात घातली. बाद माणूस बोलला होता, म्हणजे घर बाद. पण शिट्टी वाजायच्या आतच ओंकारने फोन ठेवला, सानियासमोर आला आणि कोपरापासून हात जोडले.

"हरलंय," तो म्हणाला. "गव्याक खावक घालून थंड करूचो... असो डाव मी जल्मात बघूक नाय. किती दिवस लागले गो तुका ह्यो बसवक?"

सानियाने तोंडातून ओढणी काढली. अब्बा सुशीलाबाईंना पिसारूचे जळके पंख दाखवत होते. फुफू स्टेजवर जाऊन फ्रीझरच्या गळ्यातला हार काढत होती.

"बरेच," सानिया म्हणाली.

लढतीचा व्हिडिओ मंडळाच्या कुणीतरी टाकला आणि तो 'मॉन्स्टर आखाडा' खेळणाऱ्यांत वाऱ्यासारखा पसरला. नागपूरपासून कोल्हापूरपर्यंतच्या पोरांनी त्या डावाला नाव ठेवलं, 'मालवणी पाहुणचार'. समोरच्याचा पिसाळणारा मॉन्स्टर असला की त्याला खाऊ घालून सुस्त करायचा. सानियाला शेकड्यांनी निरोप आले, की ताई, तुमचं डोकं म्हणजे डोकं. तिनेही कुणाचा गैरसमज दूर केला नाही. पण पुढच्या महिन्यात जो तो तिच्याच वीजमांजराला घास भरवू लागला आणि तिचा पहिला नंबर घसरत घसरत कुठल्या कुठे गेला. ओंकारचा पिसाळणाऱ्या गव्याचा डाव तर कायमचा बुडाला.

एके दिवशी दुकानात पोरं हे बोलत असताना अब्बांच्या कानावर पडलं. घरी येऊन त्यांनी सानियाला समोर बसवलं.

"लोक जिंकूक भरयतत?"

"होय अब्बा."

"पोटात भूक म्हणान नाय?"

"नाय."

"आपा बरी," अब्बा म्हणाले. "ती मारता ती निदान तोंडार सांगून मारता."

थोड्याच दिवसांत मंडळाची पुढच्या वर्षीची नियमावली आली. 'प्रतिस्पर्ध्याच्या मॉन्स्टरला खाऊ घालण्यास सक्त मनाई', असा पहिलाच नियम. अब्बांनी तो वाचून फोन पालथा ठेवला आणि अशा ठिकाणी आपण पाऊल ठेवणार नाही, असं सांगून टाकलं. तिकडे मसुऱ्यात सुशीलाबाईंनीही तेच सांगितलं. आता दोघं रोज तिन्हीसांजेला फोनवर लढत लावतात. पिसारू गव्याला भरवतो, गवा पिसारूला वैरण देतो, दोन्ही पट्ट्या हिरव्यागार राहतात आणि वेळ संपला की खेळ बरोबरीत सुटतो. कालच्या लढतीत गोगलूही उतरला होता म्हणे, आणि त्याचं वजन वाढलंय असं सुशीलाबाईंचं मत पडलं.

राहिले ओंकार आणि सानिया. पुढच्या वर्षीसाठी दोघांच्याही घरात तिसरं माणूस उरलं नाही. परवा ओंकारने तिला फोन केला.

"माझो बापूस तयार आसा," तो म्हणाला, "पण तेका फक्त बाद होवक येता. तुझ्याकडे कोण आसा?"

सानियाने आत डोकावून पाहिलं. नूरबानो फुफू नव्या फ्रीझरात सुरमया रचत होती, डोकं आणि दोन्ही हात आत. तिला सगळं ऐकू जात होतं.

"तेका सांग," फ्रीझरातून घुमत आवाज आला, "दोनय घरांसाठी मी एकटीच पुरे. आणि तो नियम वाचून दाखय. मारूक मनाई नाय मां?"